पाठी वाचणाऱ्या बाई

ज्या नाटकात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द नव्हता, त्या नाटकात मी बोलले.

तेसुद्धा कुठं, तर देवीच्या देवळासमोर, नवरात्रात, अख्खं गाव मांडी घालून बसलेलं असताना. मी परशुराम झाले होते. वडिलांच्या आज्ञेवरून आईचं, म्हणजे रेणुकेचं, शिर नुकतंच उडवून झालं होतं. आई पायाशी वाळूत पडली होती. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा परशुराम, उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधलेला, खाली वाकून त्या मेलेल्या आईला विचारलं, “लागलं का गं?”

माझा आवाज काय चीज आहे ते माझ्या शाळेतल्या पोरांना विचारा. जन्मभर मराठी शिकवलं. शेवटच्या बाकावर झोपलेला पोरगा माझ्या ‘बसा’ या शब्दानं उभा राहायचा. त्या संध्याकाळी तो आवाज देवळाच्या कळसाला लागून परत माझ्या कानावर आला, तेव्हा मला कळलं की आपण बोललो.

नात हे ऐकून गादीवर लोळते. म्हणते, “आजी, तू तेव्हा म्हातारीच होतीस ना?” म्हातारी कसली! अठ्ठावन्न म्हणजे काय वय आहे? नुकतीच निवृत्त झालेली, दात सगळे स्वतःचे, आणि त्या कोवळ्या वयात बाई जितकी मूर्ख असू शकते तितकी होते.

ज्यांच्या नाटकाची मी अशी वाट लावली, त्या बाईंचं नाव सांगत नाही. त्यांना नावाचं वावडंच होतं. नवीन माणूस भेटून नाव सांगू लागला की म्हणायच्या, “ते राहू दे. वळ. जरा चालून दाखव.” सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

मला त्या भेटल्या संगमनेरच्या एसटी स्टँडवर. मी नगरच्या गाडीची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावरून आवाज आला, “तुमचा डावा खांदा कुणावर रागावलाय?”

मी वळून पाहिलं. नऊवारी लुगडं, पायांत पांढरे पळायचे बूट, मांडीवर बाजाराची पिशवी. केस स्वतःच्या हातांनी, तेही स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापलेले, उंदरानं कुरतडल्यासारखे.

“तुम्हाला काय करायचंय?” मी म्हणाले.

“मला काही नाही. खांदा धरेल.”

त्या दिवशी मी आमच्या ह्यांच्यावर चिडलेली होते, ही गोष्ट खरी. आणि पुढच्याच महिन्यात खांदा धरला, हीही खरी. हात वर जाईना, वेणी घालता येईना. शेवटी मी परत स्टँडवर गेले, त्यांना शोधत. बाई त्याच बाकावर होत्या. मला बघून म्हणाल्या, “आलीस? चल.” अहो-जाहो तिथंच संपलं. आणि मी निघाले की मागोमाग! कुठं, कशाला, काही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या स्टँडवर रोज दुपारी येऊन बसायच्या आणि लोकांच्या पाठी बघायच्या. एकदा पोलिसानं हटकलं. “बाई, रोज काय करता इथं?”

“पाठी बघते.”

“कुणाच्या?”

“आत्ता तुझी. उजवा बूट चावतोय तुला, आणि साहेबांना सांगायला लाजतोयस.”

दुसऱ्या दिवसापासून तो पोलीस त्यांना चहा पाजायला लागला. बाईंचं म्हणणं असं, की चेहरा चार लोकांना भिऊन असतो. पाठ कुणाला भीत नाही, कारण तिला वाटतं आपल्याकडे कुणी बघतच नाही. म्हणून खरं काय ते पाठीवर असतं.

गावात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक, बाई वेड्या आहेत. दुसरं, आधी बऱ्या होत्या, पुण्याला राहून वेड्या झाल्या. त्यांच्या वडिलांची विड्यांची वखार होती. बाई तरुणपणी घर सोडून नाटक शिकायला पळाल्या. पुणं झालं, केरळ झालं, परदेश झाला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आल्या, आणि आई गेल्यावर राहूनच गेल्या. रिकाम्या वखारीत बायकांना जमवून नाटक करू लागल्या. नाटक म्हणजे काय, तर अंगाचं. बोलायचं नाही. “तोंड हा शरीराचा सगळ्यात आळशी अवयव,” बाई म्हणायच्या. “तो बोलायला लागला की बाकीचे झोपतात.”

जो बोलेल त्यानं वखार झाडायची, हा दंड. वखार एवढी स्वच्छ राहायची त्याचं श्रेय मला आहे.

पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? नाटक म्हणजे संवाद, अशी माझी ठाम समजूत. द्रौपदीचं स्वगत लिहून नेलं होतं. ‘हे नराधमा’ पासून सुरुवात. बाईंनी ते डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातले कागद घेतले, नीट घडी घातली, आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल हलवून पाहिलं. म्हणाल्या, “आता डुगडुगत नाही. छान लिहिलंयस.”

त्याच टेबलावर आमचा चहा व्हायचा. आणि चहा होईपर्यंत सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं, हा दुसरा नियम. दूध उतू जाऊ द्यायचं नाही आणि पाय टेकवायचा नाही. एका अंगणवाडीच्या बाई, एक पार्लरवाली, एका कीर्तनकारांची सून, आणि मी; सगळ्या बगळ्यासारख्या उभ्या. तंबाखूचा वास त्या भिंतींतून शेवटपर्यंत गेला नाही, त्यामुळं मधूनच कुणीतरी शिंकायचं आणि सगळी रांग डुलायची. शिंक म्हणजे बोलणं धरायचं का, यावर आमचं एकदा मोठं भांडण झालं. ते भांडण बोलून झाल्यामुळं सगळ्यांनीच वखार झाडली.

दोन हिवाळ्यांपूर्वी बाई गेल्या. शोकसभेत माइक होता, हार होता, एकेका वक्त्यानं बाईंच्या मौनावर पाऊण पाऊण तास भाषण केलं. आम्ही सगळ्या मागच्या भिंतीपाशी एका पायावर उभ्या राहिलो. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा पार्लरवालीनं पाय उचलला, मग आम्ही. माझा पाय सगळ्यांत आधी टेकला. त्यांना ते माहीतच असणार.

तर आमचा सगळा व्यवहार पुराणातल्या ओढलेल्या, कापलेल्या, शापलेल्या बायकांशी. तुम्ही म्हणाल, काय हा रडका उद्योग. पण बाईंच्या वखारीत रडायला बंदी होती. “रडणं प्रेक्षकांचं काम. त्यांचं काम आपण करायचं नाही.”

द्रौपदीच्या वेळी जोड्या केल्या. एकीनं वेणी पुढं सोडायची, दुसरीनं ती धरून चालायचं. मी पार्लरवालीची वेणी धरली. बाई तिच्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या हाताशी उकिडव्या बसून सरकत सरकत येत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मास्तरीण, तुझं मनगट खूश आहे.”

“माझं? अहो, मी स्त्रीमुक्तीवर गावोगाव भाषणं दिलीत!”

“मनगटानं ऐकली नाहीत ती.”

आणि मला झाडू दिला. मी झाडताना सारखी मनगटाकडं बघत होते. चिमटा काढून पाहिला त्याला. निर्लज्ज मेलं.

अहिल्येच्या वेळी शिळा होऊन पडायचं होतं. मी इतकी मन लावून शिळा झाले की घोरायला लागले. शूर्पणखेच्या वेळी तर गंमतच. बाई म्हणाल्या, “नाक कापलं तेव्हा ती किंचाळली, हे सगळ्या पोथ्यांत आहे. तिथून घरी जाताना ती वाटेनं कशी चालली, हे कुणी लिहिलं नाही. मला ती वाट पाहिजे.” मग आम्ही दुपारभर नाकावर हात धरून चाललो. घरीही मी सवयीनं तशीच चालत होते, तर आमचे हे दचकून म्हणाले, “काय मेलंय का घरात?”

ती वाट म्हणजेच बाई. मार बसतानाचं त्यांना काही नको असायचं. नंतर काय झालं, उठून बसल्यावर त्या बाईनं पहिल्यांदा कुठं हात लावला, पाणी कोणी दिलं, हे विचारत बसायच्या. आणि असंच एका दुपारी त्यांनी रेणुका काढली.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. रेणुका रोज नदीवर जाऊन ओल्या वाळूची घागर करायची आणि तिच्यातून पाणी आणायची. एक दिवस पाण्यात गंधर्वांचा खेळ चालला होता. ती बघत उभी राहिली. उशीर झाला, घागर वळेना. जमदग्नी चिडले. मुलांना म्हणाले, उडवा हिचं डोकं. थोरले नाही म्हणाले, त्यांना शाप मिळाला. धाकट्यानं उडवलं. वडील खूश, म्हणाले, वर माग. त्यानं मागितलं, आई जिवंत होऊ दे. झाली.

“हे झालं,” बाई म्हणाल्या. “मग संध्याकाळ झाली. घरात पाच पोरं, नवरा. भुका लागल्या असतील. रेणुकेनं भाकरी केली असणार, दुसरं कोण करणार? आता मला सांगा, धाकट्याच्या ताटात तिनं ती वाढली का?”

 

परशुराम कोण, तर मी. मला काय आनंद झाला! म्हटलं, माझ्या डोळ्यांतलं तेज बघितलं असणार. तरी विचारलंच, “मीच का?”

“तुझ्याइतकी आज्ञाधारक बाई मी आयुष्यात बघितली नाही.”

मी तडक घरी. ह्यांना म्हटलं, “बघा, मला आज्ञाधारक म्हणाल्या! मला!” हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “कमाल आहे. जरा चहा टाक.” मी टाकला. उकळी फुटली तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप वखारीत जाऊन परशुराम झाले.

आता कमल. कमलबाई बाईंना दूध घालायची. प्रवरेकाठच्या गावात तिचा गोठा; जर्शी गाई, सकाळ-संध्याकाळ डेअरी, आणि रोज संगमनेरात येऊन बाईंचं दूध. नवरा वारलेला, सोमनाथ नावाचा एकुलता कर्ता मुलगा. ती दुधाची बरणी घेऊन वखारीच्या दारात आली, तेव्हा आमचा पडण्याचा सराव चालला होता. मी पडून दाखवत होते. ती खो खो हसायला लागली.

“मॅडम, आसं पडत न्हाईत. हे तर गादीवर टेकल्यावानी झालं.”

बाई म्हणाल्या, “तू पडून दाखव.”

कमलनं बरणी बाजूला ठेवली. झाकण घट्ट आहे ना, दाबून बघितलं. आणि पडली. आवाज नाही, हात पुढं नाही. उभी होती आणि खाली होती, मधलं काही दिसलंच नाही.

बाई म्हणाल्या, “आधी पडलेली आहेस तू.”

“व्हय,” कमल म्हणाली, लुगडं झटकून बरणी उचलून गेली. दुसऱ्या दिवशी दूध घालून परत गेलीच नाही. आमच्यात येऊन उभी राहिली. आम्हाला रेणुका मिळाली.

सगळं जमत आलं. कमल ओंजळीतून ओली वाळू घेऊन यायची, ती गळत राहायची. जमदग्नी म्हणजे एक रिकामा पाट. बाकीच्या बायका, म्हणजे माझे भाऊ, त्याच्याकडं बघून थिजायच्या. मी कमलच्या मागं उभी राहून मोकळा हात उचलायचे आणि खाली आणायचे. परशूबिरशू काही नाही. “हत्यार दिलं की सगळा दोष हत्यारावर जातो,” बाई म्हणायच्या. मग कमल पडायची, मग उठायची, मग टोपल्यातली भाकरी घ्यायची, मी ताट घेऊन बसलेले असायचे. आणि तिथं कमल थांबायची. भाकरी हातात, मी समोर, आणि ती हलायचीच नाही. रोज. बाई काही सांगायच्या नाहीत. “आज इतकंच,” म्हणून स्टोव्ह पेटवायच्या.

एकदा मी न राहवून ‘वाढ की गं’ म्हणाले, आणि ती ‘न्हाई व्हत मॅडम’ म्हणाली. दोघींना झाडू मिळाले. झाडता झाडता तिनं सांगितलं.

सोमनाथ तेव्हा दहावीत होता. कमल डेअरीत दूध घालून येत होती, वाटेत डोंबाऱ्याचा खेळ लागलेला. दोरीवर एक पोरगी चालत होती. “म्या थांबले. म्हनलं, पोरगी पडंल का काय. ती न्हाई पडली, म्याच पडले.”

घरी पोचायला उशीर झाला. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये. तो पोराला म्हणाला, माझा हात मोकळा नाही, तू हाण तिला.

“आन हानलं?”

झाडता झाडता मीही तिच्यासारखंच बोलायला लागले होते.

“बाप सांगतोय म्हनल्यावर काय करंल? दुधाच्या क्यानवर पडले. मनगाट मोडलं.”

“मग?”

“मग काय. एका हातानं भाकरी थापली. पन वाढली न्हाई. टोपल्यात झाकून ठिवली. त्यानं त्याची त्यानं घेतली.”

नवरा गेला, पोरगा मोठा झाला, चांगला निघाला. आईला डोळे तपासायला नगरला नेलं, गोठ्यावर पत्रे घातले. पण त्या दिवसापासून कमलनं त्याच्या ताटात आपल्या हातानं भाकरी वाढली नव्हती. टोपल्यात झाकून ठेवायची, तो उचलून घ्यायचा. “दोगास्नी ठावं हाय. बोलत कुनीच न्हाई.”

मी काय करावं? धावत बाईंकडं गेले. म्हटलं, “बाई, शेवट सापडला! रेणुकेनं वाढायचं. मायेनं. क्षमा! लोक टाळ्या वाजवतील.” मला तर टाळ्या ऐकूही येत होत्या.

बाई टेबलाखालच्या माझ्या स्वगताकडं बघत होत्या. म्हणाल्या, “भाकरी तिची, हात तिचा. तू कोण?”

शेवट बसवलाच नाही. ज्या दिवशी जे होईल ते. आणि कमलनं तर जाहीर केलं, “खेळ आमच्या गावात करू. सोमनाथला म्होरं बसवनार हाय म्या.” तेव्हापासून माझी झोप उडाली. तिनं त्याच्यासमोर वाढलं तर? नाहीच वाढलं तर? घरी गेल्यावर ही दोघं एका छपराखाली राहणार कशी?

खेळासाठी नदीतली वाळू पोत्यात भरून टेम्पोत घातली, तर वाटेत तलाठ्यानं अडवलं. वाळूचोरीचे दिवस. “कुणाची वाळू?” बाई खाली उतरल्या. “रेणुकेची. घागर करायचीय.” तलाठ्यानं त्यांच्या बुटांकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं, पोत्यात हात घालून पाहिला आणि म्हणाला, “जाऊ द्या यांना.” देवळाची कमिटी वेगळीच नाराज. त्यांना ऑर्केस्ट्रा हवा होता. एक आजोबा काठी आपटत आले. “देवीचं डोस्कं उडवताय व्हय, तिच्याच दारात?”

“मी कुठं उडवते, आजोबा? पोथीनंच उडवलंय. मी फक्त पुढचं विचारतेय.”

आजोबा पुढच्या ओळीत जाऊन बसले. त्यांच्या शेजारी सोमनाथ. पांढरा शर्ट, हातात मोबाईल, आईचं शूटिंग करायला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. कमल वाळू घेऊन आली. गंधर्व बघत थांबली. त्या थांबण्यात काय होतं कुणास ठाऊक, मागं बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. सगळे पाटाकडं बघून थिजले. मी हात उचलला. मनगटाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. हात खाली आणला.

वखारीत खाली माती होती. इथं वाळूच्या पातळ थराखाली फरशी होती, ते आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जी बाई कधी आवाज न करता पडायची, तिच्या कोपराचा ‘टक्’ असा आवाज आला. सगळ्या देवळानं ऐकला. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

“लागलं का गं?”

मेलेल्या रेणुकेनं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग मिटला. पाटापाशी उभ्या असलेल्या माझ्या एका भावाला हसू फुटलं, त्यानं पदर तोंडात कोंबला. मी पुढच्या ओळीकडं पाहिलं. सोमनाथचा मोबाईल मांडीवर उलटा पडला होता.

पुढं मी काय केलं मला आठवत नाही. ताट घेऊन बसले असणार, नाक गळत होतं हे नक्की. कमल उठली. टोपल्यातली भाकरी काढली. दुपारी घरून स्वतः थापून आणलेली. माझ्यासमोर उभी राहिली, रोजच्यासारखी. मग माझ्यासमोर खाली बसली, भाकरी मोडली, आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. अख्खं गाव एका बाईला भाकरी चावताना बघत होतं. मग दुसरा घास. उरलेली तिनं टोपल्यात ठेवली, झाकली, आणि उठून आत गेली. माझं ताट रिकामंच.

काठीवाले आजोबा मोठ्यांदा म्हणाले, “जेवली. बरं झालं.”

टाळ्या वाजल्या की नाही, मी ऐकल्या नाहीत. बाई माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी माझ्या हातात झाडू दिला.

गर्दी पांगली, मी वाळू झाडत होते. सोमनाथ आला. “द्या इकडं, मॅडम,” म्हणाला आणि झाडू घेतला. आई कुठं आहे, विचारलं नाही. एका टोकापासून झाडायला लागला, फरशीच्या फटी बोटानं कोरून वाळू काढायला लागला. मी त्याला काहीतरी समजावणार होते. वाक्य जुळवतच होते. बाईंनी माझा दंड धरला. कानाशी म्हणाल्या, “बोलू नकोस. पाठ बघ त्याची.”

मी खूप बघितलं. मला शर्ट दिसला. बाईंना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या माझा दंड सोडेनात. 

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेले. बाई स्टोव्हपाशी. चहाचं पाणी ठेवलेलं, साखर पडलेली, दुधाचा पत्ता नाही. कमल कधी उशिरा यायची नाही. बाई म्हणाल्या, “काल तू माझं नाटक मोडलंस.”

“हो.”

“चांगलं मोडलंस. पुन्हा मोडू नकोस. पाय उचल.”

मी पाय उचलला. त्यांनीही उचलला. आम्ही दोघी एका पायावर, पाणी उकळून आटत चाललेलं, आणि दोघींचं लक्ष दाराकडं. मला नको नको ते दिसत होतं. बाईंकडं बघितलं तर त्या ओठ घट्ट मिटून उभ्या. पण लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

दारात बरणी वाजली. कमल आली. कोपराला हळद लावलेली. तिनं दूध पातेल्यात ओतलं, बरणीचं झाकण लावलं, दाबून बघितलं. मग आमच्या रांगेत येऊन तिनंही पाय उचलला. दूध वर यायला लागलं. बोलायची वेळ नव्हती. बोलली तर झाडू. तरी ती बोलली, आणि बाईंनी त्या दिवशी झाडू दिला नाही. समोर दुधाकडं बघत, पाय न टेकवता, कमल मला म्हणाली,

“मॅडम, रातच्याला सोमनाथनं इचारलं, तवा लागलं हुतं का म्हनून. म्या म्हनलं, लई लागलं हुतं. आता आन तुजं ताट.”